विश्लेषण : इंडोनेशियातील उलेमा मोबाइलवर का आले?
नहदलातुल उलेमा ही इंडोनेशियातील पारंपरिक धर्मपंडितांची सर्वांत मोठी संघटना, स्थापना १९२६ची. तिच्या परंपरेतील 'पेसांत्रेन' या निवासी मदरशांत विद्यार्थी गुरूसमोर बसून अरबी ग्रंथ ओळीओळीने शिकतात. मात्र तरुणांच्या मोबाइलवर झटपट 'हलाल-हराम' सांगणारे प्रचारक पोहोचले आणि मैदान मोकळे सोडणे उलेमांना परवडणारे नव्हते. उलिल अबशर अब्दल्ला यांनी गझालींच्या 'इह्या'चे पाठ फेसबुकवर थेट सुरू केले. ग्रंथ तोच राहिला, बैठक बदलली. धोका वेगळाच आहे. तासाभराच्या पाठातून कापलेली अर्ध्या मिनिटाची चित्रफीत मतभेद गाळते, निकाल तेवढा ठेवते. गुरूला शंका विचारता येते, फॉरवर्डला नाही. त्यामुळे पूर्ण पाठ ऐकण्याची सवय लावणे, हीच उलेमांची कसोटी ठरेल.