मालकी कोणाची, सत्ता कोणाची?

फॅसिझम, साम्यवाद आणि समाजवाद हे शब्द आज वादात शिवीसारखे किंवा जयघोषासारखे वापरले जातात. उद्याच्या मतदाराला हे परवडणारे नाही. माझ्या मते कोणत्याही राज्यपद्धतीस दोन प्रश्न विचारावेत. उत्पादनाची साधने कोणाच्या मालकीची आहेत? आणि राज्यकर्त्यास पदावरून दूर करण्याचा अधिकार जनतेस आहे काय?

इटलीत १९२२ साली मुसोलिनी सत्तेवर आला. फॅसिझमने कारखाने मालकांकडेच ठेवले. १९२६ साली मात्र कामगारांचा संपाचा हक्क आणि विरोधी पक्ष दोन्ही संपविले. हिटलरच्या पक्षाच्या नावात तर ‘समाजवादी’ हा शब्दच होता. पण १९३३ मध्ये सत्ता हाती येताच त्याने साम्यवाद्यांना आणि समाजवाद्यांनाच छळछावण्यांत डांबले. केवळ नावावरून पारख करू नये, ती यासाठी.

साम्यवादाचे शोषणमुक्त, वर्गविहीन समाजाचे ध्येय थोर आहे. रशियात १९१७ च्या क्रांतीनंतर जमीन व कारखाने खाजगी मालकीतून काढून घेण्यात आले. परंतु निवडून आलेली संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये बरखास्त झाली. पुढे सामुदायिक शेतीच्या सक्तीनंतर १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे मेली, तेव्हा जाब विचारणारे स्वतंत्र वृत्तपत्र वा विरोधी पक्ष देशात उरला नव्हता.

लोकशाही समाजवादाचा मार्ग निराळा. ब्रिटनमध्ये १९४५ साली निवडून आलेल्या मजूर पक्षाने कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या व १९४८ पासून सर्वांना मोफत वैद्यकीय सेवा दिली. १९५१ च्या निवडणुकीत हुजूर पक्षाहून अधिक मते मिळूनही त्याच्या जागा कमी भरल्या. त्याने निमूटपणे सत्ता सोडली. तिन्ही पद्धतींतील भेद येथे सर्वांत स्पष्ट दिसतो.

हा मार्ग संथ आहे, आणि उपाशी माणसाला धीर धर म्हणणे सोपे नसते. ही अडचण बाबासाहेबांनी ओळखली होती. म्हणूनच १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग व शेती राज्याच्या मालकीची करण्याची तरतूद थेट संविधानातच असावी, मात्र संसदीय लोकशाही अबाधित राहावी, असे सुचविले. भाकरीसाठी स्वातंत्र्य गहाण टाकू नये आणि स्वातंत्र्याचे गोडवे गाताना भुकेल्यास विसरू नये, हाच त्याचा आशय होय. या शाळेतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांनी कोणताही झेंडा खांद्यावर घेण्यापूर्वी ते दोन प्रश्न अवश्य विचारावेत.