स्पॅनिशमधील अपूर्ण वर्तमानकाळ आणि मायबोली

परभाषा शिकावयाची ती इंग्रजीच्याच द्वारें, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. विद्यार्थी व पालक या दोघांनींही ती एकदां तपासून पाहावी, असें मला वाटतें. त्यासाठीं स्पॅनिश भाषेंतील अपूर्ण वर्तमानकाळाचेंच उदाहरण घेऊं.

या काळाची रचना सोपी आहे. ‘एस्तार’ या क्रियापदाचें वर्तमानकाळाचें रूप घ्यावें व मुख्य धातूस ‘आन्दो’ किंवा ‘इएन्दो’ हा प्रत्यय लावावा. ‘आब्लार’ म्हणजे बोलणें. ‘एस्तोय आब्लान्दो’ म्हणजे ‘मी बोलत आहें’. ‘कोमेर’ म्हणजे खाणें. ‘एस्तोय कोमिएन्दो’ म्हणजे ‘मी खात आहें’.

खरी अडचण पुढेंच आहे. हा काळ कोठें योजूं नये, हें कळणें कठीण. इंग्रजीच्या वळणानें जाणारा विद्यार्थी उद्यांच्या प्रवासाविषयींही ‘एस्तोय येन्दो’ असें लिहितो. तें चुकीचें होय. तेथें साधा वर्तमानकाळच शोभतो: ‘मान्याना बोय’, म्हणजे ‘उद्यां जातों’. समोरच्यास ‘के आसेस?’ असें विचारतात. आपणही ‘काय करतोस?’ असेंच विचारतों. खुर्चीवर बसलेल्या मनुष्याविषयीं इंग्रजी भाषा अपूर्ण क्रियेचें रूप योजिते. परंतु स्पॅनिशमध्यें ‘एस्ता सेन्तादो’ म्हणतात, म्हणजे अक्षरशः ‘बसला आहे’!

मराठीचें साहाय्य सर्वत्र पुरतें असें मात्र नव्हे. आपल्या एका ‘आहे’साठीं स्पॅनिशमध्यें ‘सेर’ व ‘एस्तार’ अशीं दोन क्रियापदें आहेत, आणि या काळास ‘एस्तार’च लागतें. हा भेद स्वतंत्रपणें शिकावा लागतो.

आन्द्रेस बेल्यो या पंडितानें १८४७ सालीं चिली देशांत स्पॅनिशचें व्याकरण प्रसिद्ध केलें. स्पॅनिश भाषा लॅटिनच्या सांच्यांत कोंबूं नये, असें त्याचें प्रतिपादन होतें. आपणही प्रत्येक भाषा इंग्रजीच्या सांच्यांत कां कोंबावी?

मराठी व्याकरणाचा तास म्हणजे वेळेचा अपव्यय, असें मानणाऱ्या पालकांनीं याचा विचार करावा. ‘बसत आहे’ आणि ‘बसला आहे’ यांतील भेद ज्यानें मायबोलींत नीट ओळखला, त्यास तोच भेद परक्या भाषेंत दिसतांच उमगतो. विद्यार्थिमित्रहो, इंग्रजी अवश्य शिका, स्पॅनिशही शिका. परंतु नवें वाक्य पुढें आलें म्हणजे इंग्रजीइतकेंच मराठीसही विचारीत जा.