एकट्या छेत्रीने किती ओढायचं?



आपल्या जळगाव-धुळ्याकडची पोरं कबड्डी, खो-खो, क्रिकेटमध्ये रमणारी. फुटबॉल तसा कमीच. तरी आज सुनील छेत्रीबद्दल लिहितोय, कारण त्याच्या कारकिर्दीत आपल्या वर्गासाठी एक धडा आहे.

उंची जेमतेम १७० सेंटिमीटर, पण देशासाठी ९५ गोल! याची ताकद कशात? बचावपटूची नजर चुकवून नेमक्या वेळी गोलसमोर हजर व्हायचं आणि पेनल्टी घेताना डोकं थंड ठेवायचं. ही ताकद वयाबरोबर लगेच जात नाही. म्हणूनच २०२३ मध्ये बंगळुरूला पाकिस्तानविरुद्ध त्याने तीन गोल केले, तेव्हा तो ३८ वर्षांचा होता. चाळिशी गाठल्यावरही २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये त्याचे १४ गोल झाले.

आता दुसरी बाजू पाहा. जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात समोर ऑस्ट्रेलिया, उझबेकिस्तान आणि सीरिया होते. भारत तिन्ही सामने हरला आणि एकही गोल झाला नाही. तगडे संघ वळायलाही वेळ देत नाहीत. मागून चेंडूच आला नाही, तर पुढे उभा असलेला एकटा माणूस काय करणार? जून २०२४ मध्ये तो निवृत्त झाला. मार्च २०२५ मध्ये त्याला परत बोलावलं. मालदीवविरुद्ध त्याने गोल केला, पण सहाच दिवसांनी बांगलादेशविरुद्धचा सामना गोलशून्य सुटला.

काही जण म्हणतात, म्हाताऱ्या खेळाडूला कशाला खेळवता? मला हे पटत नाही. चूक त्याची नाही. क्लब गोल करायला बहुतेक परदेशी खेळाडू आणतात. आपला पोरगा कडेला खेळतो, नाहीतर बाकावर बसतो. मग दुसरा छेत्री घडणार कुठे?

हे लिहिताना मला माझीच चूक आठवते. आमच्या शाळेच्या कबड्डी संघात एक पोरगा चढाईला जबरदस्त होता. केंद्रस्तरावर तो एकटा जिंकून द्यायचा, म्हणून मी दर वेळी त्यालाच पाठवायचो. तालुक्याला गेलो आणि समोरच्या संघाने त्याला लगेच पकडलं. तो बाहेर बसला आणि उरलेल्या सहा जणांना धड चढाई येईना. परतताना तो रडत म्हणाला, “सर, माझ्यामुळे हरलो.” खरं तर माझ्यामुळे हरलो होतो.

तेव्हापासून दर शनिवारी मी चांगल्या चढाईपटूला बाहेर काढतो आणि बाकीच्यांना शिकवायला लावतो. सुरुवातीला गोंधळ होतो, होऊ द्यायचा.

भाषण असो, सूत्रसंचालन असो की फळ्यावरचं गणित, आपण दर वेळी त्याच हुशार पोराला उठवतो ना? त्याला जरूर शाबासकी द्या. पण त्याच्या मागे बसलेल्याला शेवटचं कधी उठवलं होतं, आठवतंय का?