मोटारीचा श्वास

मोटारगाड्यांची चर्चा निघाली कीं आमच्या विद्यार्थिवर्गांत पहिला प्रश्न येतो तो हा, कीं अमक्या गाडीची अश्वशक्ति किती? हा प्रश्न चुकीचा नाहीं. पण तो अपुरा आहे. इंजिन ती शक्ति कोणत्या रीतीनें मिळवितें, आणि ती कोणत्या रस्त्यावर खर्च व्हावयाची आहे, हें विचारल्यावांचून केवळ आंकड्यावर भुलणें म्हणजे माप न पाहतां धान्य घेण्यासारखें आहे. स्पोर्ट्‌स मोटारीच्या बाबतींत तर हा विचार विशेष अगत्याचा होय; कारण ही गाडी ओझें वाहण्यासाठीं नव्हे, तर चालविण्याच्या आनंदासाठींच घेतली जाते.

ह्याचीं दोन उदाहरणें आपल्या जवळपासचींच आहेत. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यांत ‘सॅन स्टॉर्म’ नांवाची दोन आसनांची लहान स्पोर्ट्‌स मोटार तयार झाली. तिची काया फायबरग्लासची. इंजिन रेनो कंपनीचें, ११४९ घनसेंटिमीटरचें, अगदीं साधें. शक्ति सुमारें ६० अश्वांची. पुढें २०१२ सालीं दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेनें दिल्लीच्या प्रदर्शनांत ‘अवंती’ ही गाडी मांडली. तिचें इंजिनही रेनोचेंच, पण दोन लिटरचें व टर्बोचार्जर लावलेलें. शक्ति सुमारें २५० अश्वांची. एकीनें साधा श्वास पत्करला, दुसरीनें भात्याचा. ह्यांपैकीं कोणती निवड आपल्या मुलखास मानवेल? आमचें मत सांगण्यापूर्वीं थोडें यंत्रशास्त्र पाहूं.

लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीही घातला, तरी भाता हालल्यावांचून आंच वाढत नाहीं. इंजिनाचेंही तसेंच आहे. पेट्रोल नीट जळण्यास त्याच्या वजनाच्या सुमारें पंधरा पट हवा लागते. पेट्रोल हवें तितकें सोडतां येतें. अडते तें हवेपाशीं. साध्या इंजिनांत दट्ट्या खालीं उतरतांना सिलिंडरांत पोकळी होते व बाहेरची हवा आपण होऊन आंत शिरते. सुपरचार्जर म्हणजे इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्यानें अथवा दंतचक्रांनीं फिरणारा भाता; तो हवा दाबून आंत ढकलतो. टर्बोचार्जर हाही एक भाताच. परंतु त्यास फिरवितो तो इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर. वाहून जाणाऱ्या ओढ्यावर पाणचक्की बसवावी, तशीच ही युक्ति आहे.

प्रथम सुपरचार्जर घेऊं. तो इंजिनाबरोबरच फिरत असल्यामुळें पाय दाबतांच शक्ति हजर होते, हा त्याचा गुण. भाता हालविण्याची मजुरी तो इंजिनाकडूनच वसूल करितो व इंधन फार खातो, हा त्याचा दोष. १९३० सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतींत सुपरचार्जर लावलेल्या बेंटली मोटारी उतरल्या. कंपनीचे संस्थापक डब्ल्यू. ओ. बेंटली यांस ही युक्ति मान्य नव्हती. अधिक शक्ति हवी तर इंजिनच मोठें करावें, असा त्यांचा पक्ष होता. सुपरचार्जरच्या बाजूचे अग्रणी हेन्री बर्किन यांनीं त्या दिवशीं सर्वांत वेगवान फेरी मारली खरी. पण त्या जातीची एकही बेंटली शर्यत पुरी करूं शकली नाहीं, आणि साध्या इंजिनाच्या ‘स्पीड सिक्स’ बेंटली पहिल्या व दुसऱ्या आल्या. १९५१ सालीं इंग्लंडांत सिल्व्हरस्टोन येथें असेंच घडलें. आल्फा रोमिओच्या दीड लिटरच्या सुपरचार्जरवाल्या गाड्यांनीं तोंपर्यंत जागतिक अजिंक्यपदाच्या ज्या ज्या शर्यतींत भाग घेतला, त्या सर्व जिंकल्या होत्या. त्यांस फेरारीच्या साडेचार लिटरच्या साध्या इंजिनानें त्या दिवशीं प्रथमच मागें टाकलें. आल्फाची तहानच तिला भोंवली.

टर्बोचार्जरचा पक्ष ह्याहून बळकट आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी यानें १९०५ सालीं ह्या कल्पनेचें पेटंट घेतलें. १९१८ सालीं अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यानें विमानाचें एक इंजिन पाइक्स पीक ह्या चौदा हजार फुटांच्या शिखरावर नेलें. खालीं सुमारें ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन विरळ हवेंत २३० वर आलें होतें. टर्बोचार्जर जोडतांच तें पुनः ३५० वर गेलें. काटकसरींतही टर्बो पुढें आहे. टाटांच्या अल्ट्रोझ गाडींत १.२ लिटरचें साधें इंजिन ८६ अश्वशक्ति देत होतें. २०२१ सालीं तेवढ्याच मापाचें टर्बोचें इंजिन आलें, त्यानें ११० दिली. वाया जाणाऱ्या धुराचें एवढें सोनें दुसऱ्या कोणत्याही युक्तीनें होत नाहीं.

तर मग आमचा आक्षेप कोठें आहे? तो विलंबाविषयीं आहे. पाय दाबल्यावर धूर वाढावा, धुरानें चक्र फिरावें, चक्रानें हवा दाबावी आणि मग शक्ति यावी, ह्यांत क्षणाचा अवधि जातो. कोंकण रेल्वेचें विद्युतीकरण २०२२ सालीं पुरें होण्यापूर्वीं रत्नागिरी स्टेशनांतून डिझेल इंजिन निघतांना ज्यांनीं पाहिलें, त्यांस हा अवधि डोळ्यांनीं दिसला आहे. प्रथम काळ्या धुराचा लोट उठे, कारण इंधन आलेलें असे पण टर्बोची हवा पोंचलेली नसे. मग चक्रास गति आली कीं धूर निवळे. रुळांवरच्या गाडीस ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. पण वळणावरील मोटारीस बिघडतें. १९७५ सालीं विक्रीस आलेल्या पोर्शे ९११ टर्बोची ख्यातीच अशी होती कीं वळणाच्या मध्यावर शक्ति एकाएकीं उसळे व मागील चाकें घसरूं लागत.

आतां आपला मुलूख पाहा. येथें वर्षास शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. रस्त्यावर लाल चिखल वाहून येतो, आणि आंबा घाटांत वळणास वळण लागून असतें. अशा ठिकाणीं पायानें जेवढें मागितलें तेवढेंच, आणि मागितलें त्याच क्षणीं, देणारें इंजिन चालकाचा खरा सोबती होय. विरळ हवेची सबब येथें लागू पडत नाहीं. आंबा घाट समुद्रसपाटीपासून सुमारें दोन हजार फूट. तेवढ्या उंचीवर साध्या इंजिनाची शक्ति शेंकडा सहा-सातांनींच घटते. लडाखांतील खारदुंग ला येथें हवेचा दाब निम्म्याजवळ येतो; तेथें राहणारानें टर्बो अवश्य घ्यावा. तसेंच माल भरून घाट चढणाऱ्या ट्रकास टर्बोच शोभतो, ह्याविषयींही आमचा वाद नाहीं.

कोणी म्हणेल, हा विलंब आतां जवळजवळ नाहींसा झाला आहे. फेरारीनेंही २०१५ सालीं आपल्या ४८८ ह्या गाडीस टर्बो लावला. हें खरें आहे. लहान व हलकीं चक्रें आणि संगणकाचें नियंत्रण यांनीं अवधि पुष्कळ घटला आहे. परंतु फेरारीसारख्यांस टर्बोकडे वळविण्यांत धूर व इंधन यांविषयींच्या कडक कायद्यांचा वांटा मोठा आहे. आणि ज्या पोर्शे कंपनीनें टर्बो गाजविला, तिनेंच २०२४ सालीं आपली ९११ जीटी३ ही शर्यती वळणाची गाडी साध्या इंजिनासह नव्यानें काढली. शिवाय मिनिटास लक्षाहून अधिक फेरे घेणारें, लालभडक तापणारें चक्र बिघडल्यास त्याचा खर्च लहान नसतो. हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

म्हणून आमचें मत असें. नित्याच्या लांबच्या प्रवासास टर्बो घ्यावा. सुपरचार्जर शर्यतीच्या इतिहासांत आदरानें वाचावा. पण कोंकणच्या रस्त्यांवर आनंदासाठीं चालवावयाची गाडी हलकी असावी व तिचा श्वास तिचा स्वतःचा असावा. गोव्याच्या त्या लहानशा गाडीचे साठ अश्व पावसाळ्यांतील घाटांत नवख्या चालकाच्या मुठींत राहतील. अडीचशें अश्व राहतीलच, असा भरंवसा देतां येत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, मोटारीचा परवाना अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून मिळत नाहीं. तोंपर्यंतचा काळ इंजिन समजून घेण्यांत घालवा. ज्यास आपल्या गाडीची शक्ति कोठून येते व केव्हां येते हें ठाऊक आहे, तो वळण येण्यापूर्वींच पाय उचलतो. आणि तो उचललेला पाय त्यास व रस्त्यानें चालणाऱ्या दुसऱ्या कोणास घरीं सुखरूप पोंचवितो.