दूर्वा देवाला, लॉन अंगणाला

गेल्या मंगळवारी नेहमीप्रमाणे गणपतीला गेलो. देवळाबाहेरच्या आजींकडून एकवीस दूर्वांची जुडी घेतली, वाहिली, प्रसाद घेऊन घरी आलो. तर गल्लीच्या तोंडाशीच शेजारच्या बंगल्यातला माळी खुरपं घेऊन बसलेला. बाजूला उपटलेल्या हरळीचा हा एवढा ढीग! म्हटलं, "काय चाललंय?" तर म्हणे, "साहेबांना लॉन टाकायचंय. हे रान काढतोय."

आता हरळी म्हणजेच दूर्वा, हे त्या माळ्याला माहीत होतं. साहेबांना माहीत असावं की नाही, कुणास ठाऊक. म्हणजे जे गवत पैसे देऊन देवाला वाहायचं, तेच दारात उगवलं तर मजुरी देऊन उपटायचं, आणि वर परदेशी गवत विकत आणून अंथरायचं. मला हसू आलं. पण फार हसायचा हक्क मला नाही, कारण सहा वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं.

डोंबिवलीच्या दुसऱ्या मजल्यावरून आम्ही टिटवाळ्याच्या या रो-हाऊसमध्ये आलो तेव्हा मागच्या वीस बाय पंचवीसच्या तुकड्याचं मला कोण कौतुक! नर्सरीतून मेक्सिकन लॉनच्या लाद्या आणल्या, चादर घालावी तशा अंथरल्या. सिनेमातल्या बंगल्यासारखं दिसायला लागलं. मग आपला पाऊस आला. आपल्याकडे चार महिने धो धो आणि आठ महिने थेंब नाही. पावसात पाणी तुंबून अर्धं लॉन कुजलं. उरलेलं जगवायला मार्चपासून नळी धरून उभा. एप्रिलमध्ये सोसायटीत टँकर यायला लागला, आणि पिण्याचं पाणी गवताला घालताना समोरच्या वहिनींनी गॅलरीतून ज्या नजरेनं पाहिलं ना... नळी तिथेच टाकली.

पुढच्या पावसाळ्यात आळसापोटी काहीच केलं नाही. आणि जे उगवलं ते पाहून आमचे दूधवाले काका कुंपणाशी थबकले. "अरे दादा, मारवेल आलाय की तुमच्याकडे! जनावर जीव टाकतं याच्यावर." मग त्यांनीच एकेक दाखवलं. हा मारवेल, ही हरळी, ती कोपऱ्यातली कुसळी. मी एवढी वर्षं या सगळ्याला एकच शब्द वापरत होतो, 'गवत'. काका म्हणाले, आमची कॉलनी उभी आहे ती जागा त्यांच्या भावकीचा माळ होता. दिवाळीनंतर गवत कापायचं, भारे बांधायचे, मुंबईच्या तबेल्यांसाठी वखारीत घालायचं. सांगताना तक्रारीचा सूर नव्हता. पण मला आपलं उगाच ओशाळल्यासारखं झालं.

जुन्या ठाणे जिल्ह्यात गवत ही काही फालतू वस्तू नव्हती. १९४५ साली उंबरगाव-डहाणूकडच्या वारली मजुरांनी संप केला तो गवतकापणीच्या मजुरीसाठी. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये, एवढीच मागणी. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये तो काळ आहे. ज्या गवताच्या मजुरीसाठी माणसं गोळ्यांसमोर उभी राहिली, त्याला आज सरकारी कागदावर 'पडीक' म्हणतात आणि आपण 'रान माजलंय' म्हणतो.

माझा एक भाचा शिकागोजवळ राहतो. त्याच्याकडे म्हणे घरामागे प्रेअरी लावायची टूम आहे. तिथला मूळचा गवताळ प्रदेश नांगरून जवळजवळ संपवला, आता लोक वाफ्या-वाफ्यांनी परत आणतायत. त्याने पुरुषभर उंच 'बिग ब्लूस्टेम'चे फोटो पाठवले आणि खाली लिहिलं, "मामा, हे बघ नेटिव्ह ग्रास!" मी त्याला माझ्या कुसळीचा फोटो पाठवला. दोघं एकाच भावकीतले. ऊस, ज्वारी, मका, वाळा, गवती चहा सगळे त्याच कुळातले. त्याच्याकडे नेटिव्ह ग्रास आणि आमच्याकडे रान! (त्याच्या आईने हे वाचलं की मला फोन येणार आहे. येऊ दे.)

कुसळीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण तिच्यावर माझा विशेष लोभ आहे. तिच्या बीला पीळ पडलेली लांब शेपटी असते. वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकून बघा, ते चक्क फिरायला लागतं. ओल मिळाली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि असं करत बी स्वतःला स्क्रूसारखं जमिनीत घुसवून घेतं. खड्डा नको, माळी नको. दिवाळीनंतर गोळा केलेलं बी मी कागदी पिशवीत ठेवतो आणि जूनमध्ये पहिल्या पावसाला टाकतो. ताजं बी रुजत नाही, त्याला काही महिने झोप लागते. वाळा मात्र गड्डा फोडून लावायचा. उताराच्या कडेला लावलाय, माती धरून ठेवतो.

आता दुसरी बाजू. कुसळं मोज्यात घुसतात, आणि सौ.च्या साडीत घुसली की माझं काही खरं नसतं. आमच्या टिटवाळ्याची कथा कण्वमुनींच्या आश्रमाशी आणि शकुंतलेशी जोडतात. कालिदासाच्या नाटकात पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करून ती थबकते आणि दुष्यंताकडे बघून घेते. सौ. थबकते तेव्हा वेगळ्या कारणाने बघते. शिवाय फेब्रुवारीत सगळं पिवळं पडतं. पाहुणे विचारतात, "पाणी घालत नाही का हो?" त्यांना काय सांगणार, की माळ उन्हाळ्यात पिवळाच असतो. दिवाळीनंतर कापून काकांच्या म्हशींना देतो, म्हणजे आगीचीही भीती नाही. पण त्याआधी महिनाभर ठिपकेवाल्या मुनिया येऊन तुऱ्यांना लोंबकळतात, तेव्हा चहा गार होतो.

हे सगळं आज लिहायचं कारण, गेल्या रविवारची सोसायटीची मीटिंग. मागच्या मोकळ्या प्लॉटवर पेव्हर ब्लॉक बसवायचा ठराव आला. काकांच्या माळाचा उरलेला शेवटचा तुकडा तो. मी उठून बोललो. २००५ च्या जुलैत काळू कुठवर आली होती ते आठवा म्हटलं, पाणी मुरायला कुठेतरी माती ठेवा म्हटलं. एकाने विचारलं, "आणि साप?" मी म्हटलं, साप उंदरांमागे येतात आणि उंदीर आपल्या कचऱ्यामागे. वाटेच्या कडेने दोन फूट गवत कापलेलं ठेवू, कापायचं काम माझं. सगळ्यांनी शांतपणे ऐकलं. मग मतदान झालं. चौदा विरुद्ध तीन. तिसरं मत कुणाचं, अजून कळलेलं नाही. समोरच्या वहिनींचं असावं असा मला संशय आहे.

काकांना सांगितलं. ते सायकलच्या हँडलवरची किटली सारखी करत म्हणाले, "फरशीला काय दूध येतंय का दादा?" आणि गेले पुढच्या घरी.

काम दसऱ्यानंतर सुरू होणार आहे. पाऊस आहे तोवर मारवेलचे गड्डे मुळांसकट हलवता येतील. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मी कुदळ घेऊन प्लॉटवर असेन. माझ्या वीस बाय पंचवीसमध्ये सगळे मावणार नाहीत, तेव्हा ज्यांच्याकडे वितभर माती किंवा जुनी बादली असेल त्यांनी यावं. गोणपाट आणा, चिखलात चालतील अशा चपला घाला. कसारा किंवा टिटवाळा लोकल पकडा, चहा आमच्याकडे.