एमआरआय ही श्रीमंतांची चैन नव्हे

तरुण बाईचा एक डोळा अचानक अंधुक होतो, हलवला की दुखतो. काही आठवड्यांत बरे वाटते. वर्षभराने पायांना मुंग्या येतात, तोल जातो, रोवणीच्या चिखलात उभे राहवत नाही. घरचे म्हणतात, कामचुकार झाली. शेजारी म्हणतात, बाहेरचे आहे, अंगारा लावा. आम्ही म्हणतो, तिला मेंदूरोगतज्ज्ञाला दाखवा आणि एमआरआयबद्दल विचारा.

हा मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असू शकतो. यात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचे आवरण खराब करते. मोटारपंपाच्या वायरीचे रबर सोलले की करंट नीट पोचत नाही, तसेच हे. हा आजार बहुधा २० ते ४० या वयात सुरू होतो आणि बायकांत जास्त दिसतो. तो संसर्गाने पसरत नाही आणि कोणाच्या पापाचे फळही नाही.

पॅरिसचे डॉ. शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचे नीट वर्णन केले. पण जिवंत माणसाच्या मेंदूतले डाग पाहायची सोय नव्हती. १९८१ मध्ये इंग्लंडच्या डॉक्टरांनी दाखवून दिले की सीटी स्कॅनमध्ये न दिसणारे कितीतरी डाग एमआरआयमध्ये दिसतात. पुढे २००१ मध्ये निदानाचे नवे निकष आले: डाग वेगवेगळ्या जागी आणि वेगवेगळ्या काळात झालेले हवेत. शिरेतून औषध देऊन फोटो काढला की ताजा डाग चमकतो, जुना चमकत नाही.

अभ्यासातून आणखी एक गोष्ट कळली. बाईला बरे वाटत असतानाही आत नवे डाग पडत असतात. म्हणून बरे वाटले तरी मनाने औषध सोडू नये.

मात्र प्रत्येक पांढरा डाग एमएसचा नसतो. बीपी, बी-१२ ची कमतरता आणि सिकलसेलमुळेही मेंदूत बदल दिसतात. आपल्या विदर्भातल्या वस्त्यांत सिकलसेलची घरे बरीच आहेत. घरात कोणाला असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नका. लक्षणे आणि फोटो दोन्ही पाहूनच निदान होते.

एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, मोठे चुंबक असते. आवाज फार होतो, दुखत नाही. पण ते चुंबक कायम चालू असते. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन खोलीत गेलेल्या एका नातेवाइकाचा जीव गेला. म्हणून मंगळसूत्र, पिना, मोबाईल बाहेर ठेवा. पेसमेकर, शरीरातली पट्टी किंवा क्लिप, गरोदरपण हे आधीच सांगा.

आपल्याकडचे ऊन हाही प्रश्न आहे. अंग तापले की एमएसची लक्षणे वाढतात, थंड झाले की बहुधा उतरतात. अशा बाईला मे महिन्यात दुपारी कामाला जुंपू नका.

आता हक्काचे बोलू. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये जे २१ प्रकार आहेत, त्यांत मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्ट लिहिलेले आहे. प्रमाणपत्रासाठी यूडीआयडीचा अर्ज करा. ‘हात-पाय तर धड आहेत’ असे कोणी म्हणाले तर कायदा दाखवा. एमआरआयच्या फिल्म आणि कागद एका पिशवीत जपून ठेवा; पुढचा फोटो जुन्याशी ताडून पाहावा लागतो.

आमची मागणी साधी आहे. भंडाऱ्यातच ठरलेल्या दिवशी मेंदूरोगतज्ज्ञ भेटावा. गरिबाला एमआरआय मोफत आणि वेळेवर मिळावा. नागपूर साठेक किलोमीटरवर आहे, पण रोजीवर जगणाऱ्या घराला प्रत्येक फेरी म्हणजे बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे. सासू, नवरा, भाऊ यांनी मंत्र-अंगाऱ्यावर घालवलेला महिना परत येत नाही. विहारातल्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या आणि मागणीच्या अर्जावर बायांच्या सह्या आधी घ्या.