शंभरामागे चार आणे



अहमदाबादच्या जुन्या शहरात मार्गदर्शकासमवेत तीन दिवस पायी हिंडण्याचा योग नुकताच आला. काळुपूरपासून जामा मशिदीपर्यंतच्या अरुंद पोळी, पाखरांसाठी उभारलेले चबुतरे आणि दिल्ली दरवाजाबाहेरील श्री धर्मनाथ प्रभूंचे हठीसिंह मंदिर पाहिले. शेठजींच्या निधनानंतर हरकुंवर शेठाणींनी १८४८ मध्ये ते पूर्णत्वास नेले.

परंतु पाऊल अडखळले ते एका हकिगतीपाशी. १७२५ मध्ये मराठी फौज हे शहर लुटण्याच्या बेतात होती. नगरशेठ शांतिदास झवेरी यांचे नातू खुशालचंद यांनी पदरचे द्रव्य देऊन तिला परतविले. कृतज्ञ व्यापाऱ्यांनी छाप पडणाऱ्या मालावर शंभर रुपयांमागे चार आणे त्यांना बांधून दिले.

मराठी भाषक जैन म्हणून क्षणभर मन संकोचले. चालून आलेले माझे होते आणि वाचविणारेही माझेच! बँकेत मी आयुष्यभर तारण पाहून कर्जे मंजूर केली. खुशालचंदांनी मात्र कोणतेही तारण न मागता अवघ्या शहरासाठी रक्कम मोजली. परतफेडीचे तर व्यापाऱ्यांनी मागाहून आपणहून ठरविले.

आपल्या पेढीच्या खातेवहीत गावाच्या नावे एखादे पान आहे काय? या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी एकदा पाहावे.